खुलाशाच्या तीस प्रती

गेल्या महिन्यात दिल्लीत, मुनिरकातल्या खोलीवर आम्ही चौघी जमिनीवर बसून वेफर्स खात होतो. आमच्यातली एक नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होती आणि तिला सरावासाठी कोणीतरी सोपे प्रश्न विचारायला हवे होते. आम्ही तिला विचारले, मग तिने आम्हाला विचारले. माझ्या वाट्याला आलेला प्रश्न असा: घरच्यांबरोबर खेळायचा तुझा सगळ्यात आवडता खेळ कोणता आणि नावडता कोणता? मी म्हटलं, आवडता पिठ्ठू, म्हणजे आपली लगोरी, आणि नावडता अंताक्षरी. दोन्ही उत्तरं खोटी होती. एरवी मी खोट्याविरुद्ध लिहिते, लिहिण्याचे चार पैसेही मिळतात, आणि इथे वेफर्सच्या पाकिटाशेजारी बसून, कोणीही काही पणाला लावलेलं नसताना, मी सहज खोटं बोलले. त्या रात्रीपासून हे प्रकरण लिहायचं मनात आहे. सत्ताविसाव्या वर्षी आत्मकथन लिहायला बसणाऱ्या मुलीने निदान एवढं तरी खरं सांगावं.

आवडता खेळ मेंढीकोट होता. नावडताही आता तोच आहे.

आमचं घर मयूर विहारमधल्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर. घरात आई, बाबा, मी, बाबांचे वडील म्हणजे आबा, आणि बाबांची मोठी बहीण शैलाआत्या. आत्याने लग्न केलं नव्हतं. ती एका सरकारी कार्यालयात होती आणि संध्याकाळी सहा वाजता घरात शिरताना चपला काढायच्या आधीच आबांना विचारायची, ‘आज कोणाविरुद्ध?’ कारण आबा पत्रकं लिहीत. आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्तीनंतर पत्रकं लिहिणं एवढंच काम. पाण्याच्या वेळा, रेशनमधली माती, शाळेने एकाच दुकानातून वह्या घ्यायला लावणं, लिफ्ट बंद ठेवून वर्गणी मात्र चालू ठेवणं. आधी ती पहाडगंजच्या एका छोट्या प्रेसमध्ये छापली जात, नंतर गेटासमोरच्या फोटोकॉपीच्या दुकानात. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे दिवाणाखाली असत. आमच्या घरी दाणे, चिवडा, पेरूच्या फोडी, सगळं पत्रकांच्या पाठकोऱ्या कागदावर मिळे. मी वाचायला शिकले ती तेलाने पारदर्शक झालेल्या अक्षरांवरून. कुकरच्या शिट्टीइतकाच ओळखीचा आवाज म्हणजे स्टेपलरचा. आबा पानं जुळवत, आत्या टाचत असे, आणि खालून भाजीवाला ‘आलू-प्याज-टमाटर’ ओरडत जाई.

पत्रकाचे आबांचे तीन नियम होते. ते त्यांनी मला कधी समोर बसवून शिकवले नाहीत, पण घरात ते हवेसारखे होते. तीनदा पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. खाली स्वतःचं नाव घालायचं. आणि ज्याच्यावर आरोप केला त्याने खुलासा दिला, तर तो आपण आपल्या हाताने, तेवढ्याच आकाराच्या कागदावर, तेवढ्याच प्रती काढून, त्याच लोकांना वाटायचा. लिफ्टच्या पत्रकानंतर सोसायटीच्या सचिवांनी खरंच खुलासा दिला होता. आबांनी त्यातली दोन वाक्यं त्यांना विचारून नीट केली आणि भर उन्हात घरोघरी वाटला. ‘आरोप करायला धैर्य लागत नाही गं,’ ते म्हणाले होते, ‘खुलासा वाटायला लागतं.’

या हवेत वाढल्यामुळे खेळांचं काय झालं असेल याची कल्पना यावी. आमच्याकडे व्यापाराचा पट आला तेव्हा आबांनी दोन दिवस त्याच्या नियमांचा अभ्यास केला आणि भाडं जास्त वाटल्यास सर्व भाडेकरूंनी पटावरच सभा घ्यावी असं कलम घातलं. मग तो खेळ कधी संपलाच नाही. खाली गुंजनबरोबर, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीबरोबर पिठ्ठू खेळताना चेंडू लागला की नाही यावर मी साक्षीदार बोलवायची. ती कंबरेवर हात ठेवून ओरडायची, ‘यार, तू हर चीज़ में मीटिंग क्यों बिठाती है? आउट है तो आउट है!’ मी आउट असायचे, ते मलाही माहीत असायचं. पण ठराव झाल्याशिवाय मी बाहेर जात नसे. या सगळ्याचा मला अभिमान होता. नववीत मी स्वतःची पत्रकं काढू लागले: वर्गातल्या पंख्यांविषयी एक, गेटवरच्या रखवालदारांना बसायला खुर्ची नाही म्हणून एक. खुर्ची आली. आबा मला ‘संपादक’ म्हणू लागले. माझं पत्रक हातात पडलं की ते चष्मा लावून मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या नावापर्यंत वाचत. अर्धवट वाचलेलं पत्रक म्हणजे अर्धवट ऐकलेला माणूस, असं त्यांचं म्हणणं.

आणि रविवारी दुपारी मेंढीकोट. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चौघं, दोघादोघांची जोडी, समोरासमोर. दहाचं पान म्हणजे मेंढी. चार मेंढ्यांपैकी जास्त ज्यांच्याकडे, त्यांचा डाव. चारही पकडल्या तर कोट. उतरलेल्या रंगाचं पान तुमच्याकडे नसेल तर हुकमाचं पान टाकून हात मारता येतो. हुकूम म्हणजे त्या डावापुरता सगळ्यांत वरचढ रंग. आमच्याकडे आबा आणि शैलाआत्या एका बाजूला, बाबा आणि समोरच्या फ्लॅटमधले साळवेकाका दुसऱ्या. साळवेकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, जाडजूड, सदा बोलत राहणारे. रविवारी सकाळी चर्चहून परतले की दुपारी आमच्याकडे, येताना खिशात बडीशेप. पानं टाकताना त्यांचं अखंड चाले: ‘काय आबा, आज बदामाचं राज्य आहे बरं का! बदामाचं राज्य आणि आमच्या हातात सगळी चौकटीची रयत!’ आई आतून पोहे आणायची, दिल्लीच्या थंडीत त्यावर किसलेला मुळा असायचा, तो बाबांना आवडायचा आणि बाकी कोणालाच नाही. मला खेळायला मिळत नसे. मी आत्याच्या मागे मोड्यावर, म्हणजे वेताच्या बैठ्या स्टुलावर बसून तिची पानं पाहायची आणि श्वास रोखून धरायची. दुसऱ्याचा डाव बघत बसण्यातलं ते सुख मला नंतर कुठल्याच खेळाने दिलं नाही.

त्या मोड्यावरूनच मला ते दिसलं. आबांची पाळी आली, त्यांचा हात पानांवर घुटमळला, आणि आत्याने कानातल्या कुडीला बोट लावलं. आबांनी बदामाचं पान टाकलं. हात मारला. मेंढी आली. पुढच्या डावात तिने चष्मा वर सरकवला, आबांनी इस्पिक टाकलं. मला आधी हसू आलं, मग ते थांबलं. आमच्या घरात? आबांच्या समोर, नव्हे, आबांच्या सोबत?

आज मला त्या मुलीचा दंड धरून हलवावंसं वाटतं. पण ती मुलगी नियमाने वागत होती. तीनदा पाहायचं, तर तिने तीन रविवार पाहिलं. पाठीमागे वही धरून, पेन्सिलीने. आत्याची खूण एका रकान्यात, आबांनी टाकलेलं पान दुसऱ्या रकान्यात. कुडी, बदाम. चष्मा, इस्पिक. बांगडी, चौकट. ओढणी, किलवर. तीन रविवारांत एकोणीस नोंदी झाल्या, एकही चुकली नाही. इतका भक्कम पुरावा माझ्या पंख्यांच्या पत्रकालाही नव्हता. मी कोणाशी बोलले नाही. आत्याला एकटीला गाठून विचारणं मला सुचलंसुद्धा नाही. नियमांत ते कुठे होतं? खुलासा नंतर द्यायचा असतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी सोसायटीतल्या मराठी घरांचा फराळ असे, सभागृहात, सकाळी अकराला. प्रत्येक घराचा एक डबा, चकल्यांवरून टोमणे, आणि मग मेंढीकोटची स्पर्धा. आबा-आत्याची जोडी चार वर्षं सलग जिंकलेली. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळायचा. आमच्या स्वयंपाकघरात डाळी त्याच डब्यांत असत. त्या वर्षीही ते अंतिम फेरीत आले, समोर बाबा आणि साळवेकाकाच. पानं वाटायला घेतली तेव्हा मी पिशवीतून माझी तीस पत्रकं काढली आणि वाटू लागले. मथळा होता: ‘खुणांचा खेळ बंद करा!’ खाली रकान्यांचा तक्ता, त्याखाली माझं नाव.

आबांनी हात पुढे केला. ‘अरे वा, संपादक! आज फराळाविरुद्ध काय?’ लोक हसले. त्यांनी चष्मा लावला, खुर्चीत सरळ बसले आणि आपल्या घोटवलेल्या आवाजात वाचायला लागले. पहिल्या ओळीत खेळातल्या प्रामाणिकपणाविषयी सर्वसाधारण विधान होतं; ते वाचून त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या ओळीत, लहान फसवणुकीला सवलत दिली की मोठी फसवणूक दार ठोठावते. ‘चांगलं आहे,’ ते मध्येच म्हणाले. तिसऱ्या ओळीत आत्याचं नाव होतं.

त्यांचा आवाज थांबला नाही. एवढंच मला आजही समजत नाही, की तो थांबला का नाही. मी समोर उभी होते आणि ते वाचत होते. ‘श्रीमती शैला या आपल्या भिडूला खुणा करतात, असे तीन रविवारांच्या निरीक्षणातून आढळले आहे.’ मग तक्ता. एकोणीसच्या एकोणीस ओळी. कुडी, बदाम. चष्मा, इस्पिक. शेवटी माझं नाव वाचलं, कागदाची घडी केली आणि मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या सवयीने हळूच म्हणाले, ‘एक रकाना राहिलाय.’ मला वाटलं, मांडणीबद्दल बोलतायत.

‘केल्या मी खुणा,’ आत्या म्हणाली. उभी राहिली नाही, हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली. ‘बरोबर लिहिलंय तिने.’

‘अहो, पण शैलाताई...’ साळवेकाका अर्धे उठले.

‘साळवेकाका, बसा तुम्ही.’

ते बसले. आबा काहीतरी बोलायला गेले तर आत्याने टेबलाखालून त्यांचा हात दाबला. तेही माझ्या नजरेने टिपलं. तोवर मला टिपायची चटक लागली होती. मागून एक बाई म्हणाल्या, ‘चार वर्षांचे डबे आता परत घ्यायचे की काय?’ आणि कोणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या एक म्हणाल्या, ‘शैलाताई, तुमच्याकडून नव्हती हो अपेक्षा.’ आत्याने मान हलवली, जणू भाजीचा भाव मान्य केला. बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं त्यांना अभिमान वाटतोय.

घरी आल्यावर आत्या स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहून पाणी प्यायली आणि मला म्हणाली, ‘वही आण.’ मी आणली. तिने तक्त्यावरून बोट फिरवलं.

‘हुकूम कुठाय?’

‘म्हणजे?’

‘प्रत्येक वेळी हुकूम काय होता ते कुठे लिहिलंयस?’

मी वहीची पानं मागे उलटली. पहिल्या रविवारी, दुसऱ्या डावात, कुडी, बदाम. त्या डावात हुकूम बदाम होता. साळवेकाका ओरडत होते, बदामाचं राज्य. त्याच्या पुढच्या डावात चष्मा, आणि हुकूम इस्पिक. मला एकेक डाव आठवत गेला, कारण मला सगळं आठवतं, तो माझा गुण आहे. एकोणीसच्या एकोणीस वेळा आत्याने फक्त हुकूम सांगितला होता. जो टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होता. आबा सोडून.

‘वर्ष झालं,’ आत्या म्हणाली. ‘पानं खेळतात, मेंढ्या मोजतात, सगळं बिल्कुल ठीक. हुकूम तेवढा निसटतो. तुझ्या बाबाला माहितीये, आईला माहितीये. साळवे उगीच बडबडतात वाटलं तुला? डॉक्टर म्हणाले, खेळू दे त्यांना. तुला सांगितलं नाही, कारण आबांनी शपथ घातली होती. म्हणाले, संपादकाला नको सांगू.’ मग तिने ग्लास विसळून पालथा घातला. ‘तिच्यासमोर तरी मला आहे तसा राहू दे म्हणाले.’

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आबांनी मला बोलावलं. दिवाणावर बसून त्यांनी एक कागद लिहिला होता, नेहमीच्या बारीक सरळ अक्षरात. ‘खुलासा,’ ते म्हणाले. ‘तुझ्या तीस प्रती होत्या ना? तीसच काढ. त्याच घरांत दे.’ आवाजात राग नव्हता. एका संपादकाने दुसऱ्याला मजकूर द्यावा तसा दिला.

मी फोटोकॉपीच्या दुकानापर्यंत गेले. बाहेर उभी राहून वाचला. मग घडी करून कंपासपेटीत ठेवला आणि सोसायटीला दोन फेऱ्या मारून परत आले. ‘वाटल्या?’ आबांनी विचारलं. ‘वाटल्या,’ मी म्हटलं. ‘सगळ्या घरांत?’ ‘हो आबा.’

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे मी त्यांच्यासाठी केलं. खुलासा वाटला असता तर सगळ्या सोसायटीला त्यांचं विसरणं कळलं असतं. मी त्यांची अब्रू राखली. वाक्य चांगलं आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण दुकानाबाहेर उभी असताना माझ्या मनात आबा नव्हतेच. माझ्या मनात गुंजन होती, रखवालदाराची खुर्ची होती, आणि तीस घरांतली माणसं, जी हा कागद वाचून म्हणणार होती की ही मुलगी चुकली. आत्याला लबाड म्हणवून घेताना मी पाहिलं होतं. मला स्वतःला चुकीची म्हणवून घेता येईना.

त्याची शिक्षा मिळाली, आणि ती कोणी दिली नाही. आबा विसरत होते. नुसता हुकूमच नाही, आता इतर गोष्टीही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, ‘खुलासा वाटलास का गं?’ मी म्हटलं, ‘वाटला आबा.’ ‘शाब्बास.’ चार दिवसांनी पुन्हा. जेवताना, दाढी करताना, दारात चपला शोधताना. दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखे, तितक्याच काळजीने, आणि दर वेळी उत्तर ऐकून त्यांचा चेहरा सैल होई. पुढे त्यांना माझं नाव आठवेना, तेव्हाही त्यांना एवढं आठवत होतं की कुठलासा एक कागद वाटायचा आहे. दर वेळी मला संधी होती. एका खोट्याची शंभर खोटी करण्याची सोय मला मिळाली आणि मी ती पुरेपूर वापरली.

मेंढीकोट त्या रविवारनंतर आमच्याकडे झाला नाही. साळवेकाका येत, बडीशेप देत, टीव्ही बघत. आत्या फराळाला जात राहिली, डबा घेऊन, वेळेवर. पण पानं वाटायला घेतली की ती भांडी आवरायला उठे आणि तिला कोणी ‘बसा’ म्हणत नसे. बारा वर्षं झाली. आबा गेले, साळवेकाकाही गेले. ती अजून उठते.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी घरी गेले आणि आत्याला सगळं सांगितलं. कंपासपेटीपासून सगळं. ती मटार सोलत होती.

‘मला वाटलंच होतं,’ ती म्हणाली. ‘वाटला असतास तर कोणीतरी एक शब्द बोललं असतं.’

‘मग तू का नाही विचारलंस?’

‘तुझं तुला जमतंय का बघत होते.’ तिने एक दाणा तोंडात टाकला. ‘जरा जास्तच बघितलं.’

‘आता छापू?’

‘छाप. अर्धे लोक गुडगावला गेले, अर्धे वर गेले. छाप पण. आणि त्यांनी लिहिलंय तसंच छाप, तुझ्या हुशारीने एक अक्षर हलवू नकोस.’

त्या मूळ कागदात एक वाक्य दोनदा आलं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं. दुकानाबाहेर मी हे वाक्य पाहिलं तेव्हा न वाटायला तेही एक निमित्त मिळालं होतं. मी हलवलेलं नाही. माझ्या आरोपाचा आकार या पुस्तकाच्या एका पानाएवढाच होता, अक्षर हेच. आमच्या घरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे:

‘खुलासा. रविवारी सभागृहात वाटलेल्या पत्रकात माझी मुलगी शैला हिच्यावर खुणा केल्याचा आरोप आहे. खुणा झाल्या, हे खरे आहे. त्या मी मागितल्या होत्या. चालू डावात हुकूम कोणता, हे मला आठवत नाही. खुणेने मला तेवढेच कळत असे, अधिक काही नाही. हुकूम सर्वांनाच ठाऊक असतो, त्यामुळे कोणाचे नुकसान झालेले नाही. चालू डावात हुकूम कोणता, हे मला आठवत नाही. पत्रक लिहिणारीने तीन वेळा पाहून लिहिले आणि खाली नाव घातले, हे योग्य केले. तक्त्यात एक रकाना राहिला. तो शिकवणाऱ्याचा दोष समजावा. यापुढे मी खेळणार नाही. शैलाला खेळात घ्यावे.’